उन्हाळ्यातली घोडेस्वारी: अंगावर काय, कशासाठी आणि कोणत्या क्रमाने

एप्रिल लागला की रायडिंग शिकणाऱ्यांच्या अंगावरच्या वस्तू एकेक करून कमी होऊ लागतात. आधी हातमोजे घरी राहतात, मग चॅप्स (पोटरीवर चढवायची आवरणं) गाडीत पडून राहतात. कुणी अर्ध्या बाह्यांचा टी-शर्ट आणि स्पोर्ट्स शूज घालून येतं. शेवटी ‘आज नुसतं चालवायचंच आहे’ म्हणत हेल्मेटही खुंटीवर राहतं. उकाडा खरा असतो, त्याचा त्रासही खरा असतो. पण घोड्याच्या पाठीपासून जमिनीपर्यंतचं अंतर मे महिन्यात कमी होत नाही, आणि उन्हाने तापून आवळलेली जमीन पावसाळ्यातल्या जमिनीपेक्षा कितीतरी कडक असते.

माझं म्हणणं एवढंच आहे की उन्हामुळे कापायची ती स्वारीची वेळ आणि कामाचा जोर. हेल्मेट, टाचेचे बूट, पूर्ण लांबीची पँट आणि हातमोजे या चार गोष्टी बाराही महिने अंगावर राहिल्या पाहिजेत. त्यांचं कापड, जाडी, रंग आणि हवा खेळण्याची सोय मात्र ऋतूप्रमाणे जरूर बदलावी. आंतरराष्ट्रीय अश्वक्रीडा महासंघाच्या स्पर्धांतही हाच विचार दिसतो. फार उकाडा असला तर स्वाराला जॅकेट काढून उतरायची मुभा दिली जाते. हेल्मेट मात्र २०२१ पासून ड्रेसाजमध्येही (घोड्याच्या शिस्तबद्ध चालींच्या स्पर्धेत) सक्तीचं आहे, जिथे त्याआधी उंच टोपी घालून स्वारी करायची रीत होती.

आधी आपलं ऊन ओळखा

कपडे विकत घेण्याआधी आपण कुठे स्वारी करतो ते पाहा. माणसाचं अंग थंड होतं ते घाम आल्यामुळे नव्हे, तर घाम वाळल्यामुळे. म्हणून नागपूरचा उन्हाळा आणि मुंबईचा उन्हाळा यांना एकच पेहराव चालत नाही.

विदर्भ, मराठवाडा, खानदेश इथे हवा कोरडी असते. घाम येताक्षणी उडून जातो, त्यामुळे किती पाणी गेलं ते कळतच नाही. इथे खरा शत्रू थेट ऊन आणि गरम वारा. अंग पूर्ण झाकणारे, फिक्या रंगाचे, किंचित सैल कपडे इथे उत्तम. विदर्भातला शेतकरी भर उन्हात पूर्ण बाह्यांचा सदरा घालून डोक्याला दुपट्टा बांधतो, त्यामागे पिढ्यांचा अनुभव आहे. उघडी कातडी उन्हाने तापते, झाकलेल्या कातडीवर सावली राहते.

मुंबई, ठाणे, रायगड, रत्नागिरी, गोवा इथे तापमान त्या मानाने कमी, पण हवा दमट. घाम वाळतच नाही, तो नुसता वाहतो. इथे पातळ, अंगाबरोबर राहणारं, जाळीदार आणि लवकर वाळणारं कापड लागतं. भारतीय हवामान विभागाच्या निकषांतही हा फरक आहे. उष्णतेच्या लाटेसाठी मैदानी भागात कमाल तापमान किमान ४० अंश असावं लागतं, किनारपट्टीवर ३७ अंश. किनाऱ्यावर राहणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं: पहाटे तापमान सर्वांत कमी असलं तरी हवेतली सापेक्ष आर्द्रता तेव्हाच सर्वांत जास्त असते. सकाळी सहाची स्वारी दुपारपेक्षा शंभर पटींनी बरी, पण ‘सकाळ आहे, काही होत नाही’ हे तिथे खरं नाही.

पुणे, नाशिक, कोल्हापूर मधल्या गटात येतात. मार्च-एप्रिलमध्ये कोरडं, मेच्या शेवटी वळवाच्या आसपास दमट. ऑक्टोबरच्या उन्हाला मात्र कुणी गंभीरपणे घेत नाही, आणि पावसाळ्याच्या सुट्टीनंतर रायडिंग पुन्हा सुरू होतं ते नेमकं तेव्हाच. शरीराला उन्हाची सवय व्हायला साधारण एक ते दोन आठवडे लागतात. सुट्टीनंतर परतलेल्यांनी किंवा थंड देशातून सुट्टीवर आलेल्यांनी पहिले काही दिवस निम्म्या वेळातच उतरावं.

पहिला थर: आतले कपडे

उन्हाळ्यात सर्वांत जास्त हाल इथेच होतात आणि याबद्दल कुणी बोलत नाही. दुडकीत (ट्रॉटमध्ये, चाल आणि दौड यांमधल्या वेगात) शरीर दर पावलाला खोगीरावर वरखाली होतं. मांडीच्या आतल्या बाजूला, जांघेत आणि बसण्याच्या हाडांखाली एखादी जाड शिवण असेल, तर घामाने मऊ पडलेली कातडी अर्ध्या तासात सोलवटते. म्हणून आतली चड्डी शिवणरहित किंवा सपाट शिवणीची घ्या. मांडीपर्यंत येणारी, अंगाला घट्ट बसणारी सिंथेटिक शॉर्ट सगळ्यांनाच सोयीची पडते. पुरुषांनी सैल बॉक्सर कटाक्षाने टाळावी, नीट आधार देणारीच हवी. स्त्रियांनी भक्कम स्पोर्ट्स ब्रा घ्यावी. जाड स्पंजवाली घामाने जड होते, तेव्हा पाठीला जाळी असलेली बघा.

सुती आतले कपडे रोजच्या वापराला चांगले, पण घोड्यावर सूत घाम शोषून तसंच ओलं राहतं आणि ओलं सूत घासतं. जिथे नेहमी घासतं तिथे निघण्यापूर्वी व्हॅसलीनचा पातळ थर लावा. ते हात साबणाने धुऊनच लगाम धरा. पावडर कोरड्या हवेत चालते. दमट हवेत तिचा लगदा होतो आणि तोच टोचायला लागतो.

शर्ट

शर्टाला पूर्ण बाह्या हव्यात. बाह्या नसल्या तर गार वाटेल हा समज उन्हात पाच मिनिटांत मोडतो. शिवाय पडल्यावर पहिलं सोलपटतं ते कोपर.

कापडाच्या बाबतीत यूपीएफ नावाचा आकडा उपयोगी पडतो. यूपीएफ ५० म्हणजे उन्हातल्या अतिनील किरणांपैकी सुमारे पन्नासावा भागच कापडातून आत येतो. साध्या पातळ पांढऱ्या सुती टी-शर्टाचा हाच आकडा ५ ते ७ च्या घरात असतो, आणि तो घामाने भिजला की आणखी घसरतो. म्हणून घट्ट विणीचं, घाम पसरवून वाळवणारं पॉलिएस्टर किंवा नायलॉनचं कापड, काखेत आणि पाठीवर जाळीची पट्टी, गळ्याशी अर्धी चेन आणि उभी कॉलर ही उन्हाळ्याच्या रायडिंग शर्टाची चांगली लक्षणं. रायडिंगचाच म्हणून विकला जाणारा महागडा शर्ट घ्यायची गरज नाही. क्रिकेट खेळणारे किंवा धावणारे वापरतात तो पूर्ण बाह्यांचा ड्राय-फिट शर्ट तितकाच चालतो. उभी कॉलर तेवढी बघून घ्या, कारण स्वार मान किंचित पुढे आणि नजर दूर ठेवतो, तेव्हा मानेचा मागचा भाग थेट उन्हात येतो.

कोरड्या हवेत पातळ सुती किंवा लिननचा शर्ट वाईट नाही. ओलं सूत सावकाश वाळतं आणि वाळताना गारवा देतं, तो विदर्भात हवाहवासा वाटतो. मुंबईत तोच शर्ट अंगाला चिकटून बसतो.

रंग फिका घ्या. मात्र शर्ट कितीही सैल असला तरी खाली पँटमध्ये खोचा. वाऱ्याने फडफडणाऱ्या कापडाला बुजरा घोडा दचकतो, आणि पडताना शर्टाचा घोळ खोगीराच्या पुढच्या उंचवट्यात अडकला तर माणूस लटकून राहतो. हुडी, गळ्यातल्या दोऱ्या, ओढणी, स्टोल, कमरेला बांधलेलं जॅकेट हे सगळं याच कारणासाठी घोड्यापासून लांब ठेवा.

पँट

जीन्स घालून येणारा नवशिका दुसऱ्या दिवशी चालताना ओळखू येतो. जीन्सची सर्वांत जाड शिवण नेमकी मांडीच्या आत आणि बैठकीखाली असते. त्यात डेनिम घाम धरून ठेवतं आणि गुडघ्यात वाकत नाही. ट्रॅकपँटचं उलटं. ती घसरते, पोटरीवर गोळा होते आणि रिकिबीच्या (खोगीराला लटकणाऱ्या, पाय ठेवायच्या कडीच्या) चामड्याने कातडी चिमटते. शॉर्ट्स तर नकोतच. पंधरा मिनिटांच्या फेरीतही पोटरीच्या आतल्या बाजूला चामड्याचे चट्टे उठतात.

उन्हाळ्यासाठी पातळ, ताणल्या जाणाऱ्या कापडाची ब्रीचेस (घोडेस्वारीची अंगाबरोबर बसणारी पँट) किंवा रायडिंग टाइट्स घ्या. घेताना तीन गोष्टी तपासा. एक, पकडीचा प्रकार. बैठकीपासून गुडघ्यापर्यंत सगळीकडे स्वेड किंवा चामड्याचा तुकडा लावलेली पँट घट्ट पकड देते, पण तेवढ्या भागातून वारा अजिबात जात नाही. उन्हात गुडघ्यापुरताच तुकडा असलेली, किंवा सिलिकॉनचे बारीक ठिपके छापलेली पँट बरी. दोन, पोटरीचा शेवट. चेन किंवा वेल्क्रोऐवजी पातळ मोज्यासारखं जाळीचं कापड असेल तर बुटात गरम कमी होतं. तीन, कंबर. रुंद इलॅस्टिकची, जड बक्कल नसलेली पँट घ्या. घामाने ओल्या पोटावर बक्कल रुततं.

पांढऱ्या पातळ पँटमधून भिजल्यावर आतलं दिसतं. फिकट राखाडी, खाकी किंवा बदामी रंग जास्त सोयीचे. दुकानात नुसतं आरशात पाहू नका. खाली उकिडवं बसून पाहा, एक पाय कमरेइतका उंच उचलून पाहा. रिकिबीत पाय घालताना तोच कोन होतो.

उष्ण प्रदेशातल्या स्वारांनी हा प्रश्न जुन्या काळीच सोडवला होता. मांडीवर ऐसपैस आणि पोटरीवर चुडीदार अशी राजस्थानातली विजार हवा खेळवायची आणि पोटरीला घट्टही बसायची. १८९७ मध्ये जोधपूरचे सर प्रताप सिंग पोलो संघासह इंग्लंडला गेले, तेव्हा तिथल्या लोकांनी हीच विजार उचलली. पुढे ताणणारं कापड आल्यावर मांडीचा घेर गेला. ज्यांना टाइट्स घालायचा संकोच वाटतो, त्यांनी चांगल्या शिंप्याकडून पातळ खादीची, मांडीत सैल आणि पोटरीत बसती अशी जोधपुरी शिवून घ्यायला हरकत नाही. फक्त आतल्या बाजूची शिवण बाहेरच्या अंगाला सरकवायला सांगा.

पाय

बुटाला साधारण अडीच सेंटिमीटरची टाच हवी, तळवा गुळगुळीत किंवा अगदी उथळ नक्षीचा हवा आणि घोटा झाकलेला हवा. टाच नसली तर पाऊल रिकिबीतून आरपार पुढे जातं. अशा वेळी घोडा उधळला तर स्वार पायाने लटकून फरफटत जातो. घोडेस्वारीतल्या अपघातांत याच्याइतकी भीतिदायक गोष्ट दुसरी नाही. खोल खाचांचे ट्रेकिंग बूट रिकिबीत अडकतात, म्हणून तेही नकोत. चपला, सँडल, क्रॉक्स घालून तबेल्यातही जाऊ नका. घोड्याचा पाय आपल्या पायावर पडायला त्याचा काही दुष्ट हेतू असावा लागत नाही.

उन्हाळ्यात गुडघ्यापर्यंतचे उंच बूट घालायचं काही कारण नाही, आणि रबराचे तर मुळीच नाही. आखूड जोधपुर बूट आणि वर जाळीदार किंवा पातळ सिंथेटिक हाफ-चॅप्स ही जोडी सर्वांत सुटसुटीत. उतरल्याबरोबर चॅप्स काढल्या की पोटऱ्यांना लगेच हवा लागते. मोजे पातळ आणि गुडघ्याखालपर्यंत येणारे हवेत. बारीक विणीचा, लोकर आणि नायलॉन मिसळलेला मोजा ऐकायला उन्हाळी वाटत नाही, पण घामट पायांना तो जाड सुती मोज्यापेक्षा नक्की सुखावह असतो आणि फोड कमी येतात.

उन्हाने आणि दिवसभराच्या उभं राहण्याने पाय सुजतात. नवे बूट संध्याकाळी मापून घ्या. रिकिबीत बुटाच्या दोन्ही बाजूंना बोटभर जागा मोकळी राहते ना, तेही पाहून घ्या.

डोकं

इथे थोडं सविस्तर, कारण उन्हात सर्वांत आधी वैतागून काढलं जातं ते हेल्मेट.

मार्च २०१० मध्ये अमेरिकेची ऑलिंपिक ड्रेसाजपटू कोर्टनी किंग-डाय फ्लोरिडात एका घोड्याला शिकवत होती. घोडा पाय अडकून कोसळला. तिने हेल्मेट घातलेलं नव्हतं. कवटीला तडा गेला, ती काही आठवडे कोमात होती, आणि नंतर चालणं-बोलणं पुन्हा शिकावं लागलं. घोडा उधळला नव्हता, तिने काही धाडस केलं नव्हतं, आणि अनुभव तर जगातल्या मोजक्या लोकांइतका होता. ‘आज नुसतं चालवायचंच आहे’ असं वाटेल तेव्हा हे आठवावं.

हेल्मेट घोडेस्वारीसाठीच बनवलेलं आणि प्रमाणित हवं. आतल्या लेबलवर अमेरिकेचं एएसटीएम एफ ११६३, ब्रिटनचं पीएएस ०१५ किंवा युरोपचं ईएन १३८४ यांपैकी एखादं मानक लिहिलेलं असतं. आपल्याकडे सर्वत्र दिसणारं आयएस ४१५१ हे दुचाकीच्या हेल्मेटचं मानक आहे. दुचाकीचं हेल्मेट जड असतं, कान झाकतं, त्यात नजरेचा आवाका कमी होतो आणि उन्हात डोक्याची भट्टी होते. सायकलचं हेल्मेट हवेशीर असतं, पण डोक्याचा मागचा खालचा भाग पुरेसा झाकत नाही. घोड्यावरून माणूस मागेही पडतो.

उन्हाळ्यासाठी घेताना पुढून मागे आरपार हवा जाईल अशा झरोक्यांचं, वजनाला हलकं, आणि आतलं अस्तर काढून धुता येईल असं मॉडेल निवडा. अस्तराचा जादा जोड मिळत असेल तर तो झरोक्यांपेक्षाही उपयोगी. एक वाळत असताना दुसरं वापरता येतं.

माप असं घ्या: भुवयांच्या वर अडीच सेंटिमीटरवर, कानांच्या वरून, डोक्याच्या मागच्या सर्वांत फुगीर भागावरून टेप फिरवा. हेल्मेट घातल्यावर ते कपाळावर आडवं सरळ बसलं पाहिजे, मागे कललेलं नको. पट्टा न लावता हेल्मेट हाताने हलवा. कपाळाची कातडीही त्याबरोबर हलली तर माप बरोबर. हेल्मेटच डोक्यावर फिरलं तर मोठं आहे. हनुवटीखालच्या पट्ट्यात एखाद-दुसरं बोट जाईल इतकीच ढिलाई ठेवा.

आता उन्हातल्या खास गोष्टी. घामाने आतला स्पंज दबतो, त्यामुळे निघताना घट्ट असलेलं हेल्मेट वीस मिनिटांनी सैल होतं. पहिल्या दुडकीनंतर थांबून पट्टा पुन्हा तपासा. आपल्याकडची आणखी एक सवय म्हणजे तेल. रात्री चोपडलेलं खोबरेल सकाळी डोक्यावर असेल, तर हेल्मेट अक्षरशः घसरतं, आणि तेल-घाम मिसळून अस्तराला जो वास लागतो तो जाता जात नाही. स्वारीच्या आदल्या रात्री तेल लावू नका. लांब केस मानेपाशी खाली वेणीत किंवा अंबाड्यात बांधा. डोक्यावर उंच बांधले की हेल्मेट तरंगतं. पिना, क्लचर, आकडे काढून टाका.

हेल्मेटखाली जाड रुमाल, टोपी किंवा दुपट्टा नको. घाम डोळ्यांत उतरत असेल तर अगदी पातळ, घाम शोषणारी कवटीटोपी चालेल, पण हेल्मेटचं माप ती घालूनच घ्यायचं. कडेला जोडायची रुंद सावलीपट्टीही मिळते. ती तुमच्या हेल्मेटच्या कंपनीला मान्य असेल आणि धक्का बसताच सुटून येणारी असेल तरच लावा, आणि वारा असताना काढून ठेवा.

हात, डोळे, कातडी

घामाने ओला लगाम हातातून सरकतो. त्यात घोड्याच्या मानेचा घाम चामड्याला लागतो. करंगळी आणि अनामिका यांच्यामध्ये, जिथून लगाम जातो, तिथली कातडी सर्वांत आधी फाटते. पाठीला जाळी, तळव्याला पातळ पकडीचं कापड आणि त्या दोन बोटांमध्ये दुहेरी शिलाई असलेले हातमोजे घ्या. लोकरीचे किंवा घरातले सुती हातमोजे घसरतात.

अंगठ्या, कडं, बांगड्या, लोंबती कानातली आणि गळ्यातलं घरी ठेवून या. मंगळसूत्र काढायचं नसेल तर निदान आखूड असावं आणि शर्टाच्या आत, कॉलरची चेन लावून. उन्हाने बोटं सुजल्यावर अंगठी निघत नाही, आणि लगाम गुंतला तर ती बोटात रुतते.

गॉगल पॉलिकार्बोनेटच्या भिंगाचा, प्लॅस्टिकच्या लवचिक फ्रेमचा आणि मागे पट्टा असलेला. धातूची फ्रेम तोंडावर पडल्यास इजा करते.

सनस्क्रीन एसपीएफ ३० किंवा जास्त, निघण्याआधी पंधरा-वीस मिनिटं. कानांच्या पाळ्या, मानेची मागची बाजू, नाकाचा शेंडा आणि हनुवटीखालचा भाग विसरू नका, कारण रिंगणातल्या वाळूवरूनही ऊन वर परततं. कपाळाला पातळ लोशन लावलं तर ते घामाबरोबर डोळ्यांत जातं आणि ऐन उडीच्या वेळी डोळा चुरचुरतो. तिथे कांडीचं, घट्ट सनस्क्रीन वापरा. लावून झाल्यावर तळवे नीट धुवा, नाहीतर लगाम बुळबुळीत होतो.

रिंगणात धूळ उडत असेल तर नाकातोंडावर पातळ, नळीसारखा शिवलेला बफ घाला. त्याला गाठ आणि टोकं नसतात. कोरड्या भागात तो पाण्यात बुडवून, पिळून मानेभोवती घाला, खरा गारवा देतो. पाणी शोषून गार राहणारी कूलिंग वेस्टही याच तत्त्वावर चालते, त्यामुळे ती नागपूरला उपयोगी आणि मुंबईत जवळजवळ निरुपयोगी.

बॉडी प्रोटेक्टर

बॉडी प्रोटेक्टर म्हणजे छाती-पाठीला पडण्यापासून वाचवणारं जाड जाकीट. उड्या, क्रॉस-कंट्री (मोकळ्या रानातली अडथळ्यांची दौड) किंवा अर्धवट शिकवलेला घोडा असेल तर तो घालायचाच. तो गरम होतो, यात शंका नाही. खाली एकच पातळ, अंगाला बसणारा शर्ट ठेवा. चढायच्या अगदी आधी चढवा आणि दोन फेऱ्यांच्या मध्ये उतरून, सावलीत काढून ठेवा. फोमचे प्रोटेक्टर अंगाच्या उबेने मऊ पडून बसतात, म्हणून पाच मिनिटांनी पट्टे पुन्हा आवळा. हवेने फुगणारी वेस्ट हलकी असते, पण तिच्यात दाबाखालचा गॅसचा डबा असतो. तो उन्हात तापणाऱ्या गाडीत ठेवू नका. हेल्मेटही गाडीच्या काचेमागे ठेवू नका. उष्णतेने त्यातले फोम आणि गोंद खराब होतात आणि बाहेरून काहीच कळत नाही.

चढण्याआधी आणि चढल्यावर

निघण्याच्या आधीच्या तासा-दोन तासांत दोन-तीन ग्लास पाणी थोडं थोडं करून प्या. चहा पिऊन निघणं म्हणजे पाणी पिऊन निघणं नव्हे. घामातून मीठही जातं, तेव्हा मीठ घातलेलं ताक, मीठ-साखर घातलेलं लिंबू सरबत किंवा कोकम सरबत सोबत ठेवा. ओआरएसची पुडी असेल तर वेष्टनावर लिहिलंय तितक्याच पाण्यात पूर्ण पुडी विरघळवा. निम्मं-निम्मं करून तिचं प्रमाण बिघडवू नका. रक्तदाबाची, लघवी वाढवणारी किंवा ॲलर्जीची औषधं चालू असतील तर उन्हातल्या व्यायामाबद्दल आपल्या डॉक्टरांना आधी विचारा.

तंग (घोड्याच्या पोटाखालून जाणारा खोगीराचा पट्टा) आवळून झाल्यावर जमिनीवरच एकदा सगळं तपासा: हेल्मेटचा पट्टा, शर्ट खोचलेला, बुटाची नाडी किंवा चेन बंद, खिशात फोन-किल्ल्या नाहीत. मग मांड टाका.

स्वारीतही वेळ वाटून घ्या. दहा मिनिटं काम, मग सावलीच्या बाजूने लगाम सैल सोडून चाल. सकाळी आठच्या पुढे, विशेषतः एप्रिल-मेमध्ये, मी तरी नव्याला दुडकीपलीकडे जाऊ देणार नाही. मुलांच्या बाबतीत आणखी सावध राहा. त्यांना घोड्यावरून उतरायचं नसतं, म्हणून चक्कर येत असली तरी ती सांगत नाहीत. चेहरा लालबुंद आणि बोलणं कमी झालं की उतरवा.

माथेरान, महाबळेश्वर, पाचगणी

सुट्टीत घोड्यावर बसणाऱ्यांसाठी वेगळं सांगायला हवं, कारण ते तयारीने आलेलेच नसतात. माथेरानला मोटारींना बंदी आहे, त्यामुळे तिथे घोडा हे खरोखरीचं वाहन आहे. वाट लाल मातीची, दगडगोट्यांची, काही ठिकाणी उताराची. बॅगेत एवढं घालून न्या: पूर्ण लांबीची, जाड शिवण नसलेली पँट, घोटा झाकणारे टाचेचे बूट, पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि शक्य असेल तर स्वतःचं हेल्मेट. जागेवर हेल्मेट मिळालं तर पट्टा लागतो का ते आधी पाहा. न लागणारा पट्टा म्हणजे हेल्मेट नसल्यासारखंच. साडी, घोळदार कुर्ता किंवा लांब ओढणी असेल तर त्या दिवशी पायी फिरा. लहान मूल कुशीत घेऊन घोड्यावर बसू नका, आणि ‘पळवू का?’ असं विचारलं तर घोडेवाल्या दादांना नम्रपणे, पण स्पष्ट नाही सांगा.

ऊन लागल्याची लक्षणं

डोकं दुखणं, मळमळ, चक्कर, पोटऱ्यांत गोळे, अंगाला थंड घाम ही पहिली सूचना. ताबडतोब उतरा, सावलीत जा, हेल्मेट-चॅप्स-प्रोटेक्टर काढा, बूट सैल करा, अंगावर पाणी शिंपडून वारा घाला आणि घोट घोट सरबत प्या. त्या दिवशी पुन्हा चढायचं नाही.

माणूस असंबद्ध बोलू लागला, तोल जाऊ लागला, अंग भाजतंय असं लागलं किंवा शुद्ध हरपू लागली, तर तो उष्माघात समजा. घाम येत असला तरीही. १०८ वर फोन करा आणि गाडी येईपर्यंत थांबू नका: कपडे सैल करून संपूर्ण अंगावर गार पाणी ओतत राहा, मान, काख, जांघ इथे ओली फडकी किंवा बर्फ ठेवा. शुद्धीत नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नका.

घोड्याच्या अंगावरचं

आपण जाळीचा शर्ट घालतो आणि त्याच्या पाठीवर जाड फोमचं गादीसारखं पॅड टाकतो. उन्हाळ्यात एकच पातळ, स्वच्छ, घाम शोषणारं सुती पॅड पुरे, खोगीर नीट बसत असेल तर. कालच्या घामाने कडक झालेलं पॅड आणि तंग आज वापरले तर तंगाखाली जखमा होतात. माणसापेक्षा घोड्याचा घाम अधिक खारट असतो, त्यामुळे त्यालाही पाण्याबरोबर मीठ लागतं.

गरम घोड्यावर गार पाणी ओतलं की त्याचे स्नायू आखडतात, ही समजूत अजून अनेक पागांत आहे. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकच्या निमित्ताने उष्ण, दमट हवेतल्या घोड्यांवर जे अभ्यास झाले त्यांनी ती खोडून काढली. खोगीर उतरवा, भरपूर पाणी सतत ओता, सावलीत हळूहळू चालवा, पाणी पिऊ द्या. निरोगी घोड्याचं तापमान साधारण ३७.५ ते ३८.५ अंश असतं. नाकपुड्या फुगवून धापा टाकणं थांबत नसेल, किंवा इतक्या उन्हातही घाम येणं बंद झालं असेल, तर पशुवैद्यांना बोलवा.

घरी आल्यावर

ड्राय-फिट शर्ट आणि सिलिकॉनची ब्रीचेस उलट्या करून गार पाण्यात, सौम्य साबणाने त्याच दिवशी धुवा. कपडे मऊ करणारं कंडिशनर घालू नका. त्याचा थर धाग्यांवर बसतो आणि कापड घाम पसरवेनासं होतं. वाळवा सावलीत. हेल्मेटचं अस्तर हाताने धुवा, कवच ओल्या फडक्याने पुसा आणि हवेशीर जागी उलटं ठेवा. बुटांत वर्तमानपत्राचे बोळे घालून पंख्याखाली ठेवा, उन्हात चामडं तडकतं.

हेल्मेट घालून पडलात आणि डोकं आपटलं, तर वरून ओरखडाही नसला तरी ते बदला. आतला फोम एकदाच धक्का झेलण्यासाठी असतो, तो दबल्यावर पुन्हा फुगत नाही. पडझड झाली नाही तरी बहुतेक कंपन्या पाच वर्षांनी नवं घ्यायला सांगतात. रोज घाम आणि ऊन खाणाऱ्या हेल्मेटच्या बाबतीत ती मुदत गाठायचा आग्रह धरू नका. खरेदीची तारीख आतल्या लेबलशेजारी मार्करने लिहून ठेवा.